आक्काचं बारीक अक्षर

मैलापूर, चेन्नई
१२ जून २०२४

चि. रविकांत यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे पानभर शिव्याच. वास्तुशांतीला सख्खी बहीण आली नाही म्हणून चारचौघांत मान खाली गेली म्हणे. तुझ्या त्या धरणावर फोनला रेंज नाही हे माझं नशीब, नाहीतर हे सगळं कानांनी ऐकावं लागलं असतं.

निघणार होते रे. तिकीटही काढलं होतं. आदल्या दिवशी कपाटाचं दार डोळ्यावर आपटलं आणि अर्धा चेहरा जांभळा झाला. तसल्या तोंडानं गारगोटीत मिरवले असते तर पाहुण्यांनी तुझ्या नव्या घरापेक्षा मलाच जास्त पाहिलं असतं.

बाकी ठीक. ह्यांची रात्रपाळी चालूच आहे. गिंडीच्या त्या कारखान्यात तेवीस वर्षं झाली, अजून धुण्याच्या टाकीवरच आहेत. लोखंडी भागांना तेल लागलेलं असतं, ते ट्रायक्लोर नावाच्या द्रवात बुडवून काढायचे, हेच काम. माझ्या साड्यांचंही चालू आहे. संगीतसभांच्या गाण्यांना जाणाऱ्या बायका कांजीवरमवर कॉफी सांडतात आणि माझ्याकडे धाव घेतात. हे कारखान्यातून बाटली आणतात तीच मी वापरते. बोळा भिजवायचा, डागावर फिरवायचा, तोंड जवळ नेऊन फुंकर मारायची, की डाग गायब. पूर्वी त्याचा गोडसर वास डोक्यात जायचा, आता येतही नाही. सवयीनं सगळं होतं. यंदा मात्र इथल्या मल्लीच्या, म्हणजे आपल्या मोगऱ्याच्या, गजऱ्यांनाही वास नाही. फुलंसुद्धा भेसळीची यायला लागली की काय कोण जाणे.

तुझ्या लेकीला, संयुक्ताला, श्रीपेरुंबुदूरच्या कंपनीत कायम केलं, हे तिनं सांगितलंच असेल. महिन्यातून एखाद्या रविवारी येते पोर. तिची काळजी करू नकोस.

तुझी,
आक्का

———

धरण चौकी
१ जुलै २०२४

तीर्थरूप आक्कास रविकांतचा साष्टांग नमस्कार.

कपाटाचं दार दोन्ही डोळ्यांवर आपटत नसतं. संयुक्ता सुट्टीला आली होती. तिला खोदून विचारलं, तेव्हा रडली. म्हणाली, आत्याचा एक डोळा मेमध्ये काळा होता, दुसरा जूनमध्ये. दंडावर बोटांचे वळ होते. विचारलं तर आत्या म्हणे हसते आणि कॉफी करायला उठते.

आई असंच हसायची. मी विसरलेलो नाही आणि तूही विसरलेली नाहीस.

आणखी एक. तुझं अक्षर असं का झालंय? अण्णा गावभरचे बोर्ड रंगवायचे आणि म्हणायचे, कुमुदच्या अक्षराला मोजपट्टी लावा, काना न् काना सारखा. आता ओळीच्या सुरुवातीला बरं असतं आणि शेवटाला मुंगीएवढं होतं. मला बाहेर उन्हात नेऊन वाचावं लागलं. कुणी बघेल म्हणून चोरून लिहितेस का? घाबरून, अंग चोरून लिहिल्यासारखं दिसतंय.

खरं सांग. दाजी हात उचलतात का?

रविकांत

———

मैलापूर, चेन्नई
१५ जुलै २०२४

चि. रवीस आशीर्वाद.

चोरून कुणापासून लिहू? हे समोर बसून शेंगा सोलताहेत. अक्षराचं म्हणशील तर बोटं आखडतात, वय झालं. बावन्नाव्या वर्षी कुणाचं अक्षर मोत्यासारखं राहतं?

तुला खोटं सांगितलं त्याचं मलाच वाईट वाटतंय. ऐक, पण पूर्ण ऐक.

हे मारतात. पण झोपेत.

रात्रपाळी करून येतात, जेवतात, दुपारी झोपतात. मीही कामं उरकून शेजारी आडवी होते. दीडेक वर्षापूर्वी सुरू झालं. आधी नुसते ओरडायचे, मग लाथा. मेमध्ये कोपर डोळ्यावर बसलं. जूनमध्ये मुठी. गेल्या मंगळवारी त्यांनी माझे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं, दोनदा. डोळे घट्ट मिटलेले आणि तोंडात अशा शिव्या, की ज्या ह्या माणसानं जागेपणी कधी उच्चारल्या नसतील. मी किंचाळले तेव्हा जागे झाले. माझ्या कपाळाचं रक्त बघितलं आणि मलाच विचारलं, “कुणी मारलं तुला?”

स्वप्नात कुत्री येतात म्हणतात. माझ्यावर झडप घालतात आणि हे त्यांना हाकलत असतात. त्या दिवसापासून झोपायच्या आधी माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी काढतात आणि स्वतःचा उजवा हात खाटेला बांधून घेतात. जेवत नाहीत धड. भाजी करपली तरी नाकाला कळत नाही, शर्टाची बटणं लावायला पाच मिनिटं घेतात. मनाला लागलंय फार.

मी वेगळ्या खोलीत का झोपत नाही, असं विचारशील. आहे कुठे दुसरी खोली? आणि बांधलेल्या माणसाला एकटं कसं टाकू?

तू येऊ नकोस. तुझा राग मला ठाऊक आहे.

आक्का

———

धरण चौकी
२ ऑगस्ट २०२४

आक्का,

झोपेत! अण्णा प्यायलेले असायचे तेव्हा आई काय म्हणायची? “त्यांना शुद्ध नसते रे, त्यांना कळत नाही.” तिच्या बरगड्या मोडल्या तेव्हाही अण्णांना कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेही रडायचे, तिचे पाय धरायचे. आणि बोर्ड रंगवताना हात कसा स्थिर असायचा! अक्षर चांगलं आणि हात वाईट, अशा माणसाच्या घरात आपण वाढलो. दाजी गरीब आहेत, सज्जन आहेत, हे मला सांगू नकोस. केस धरून डोकं आपटायला नेम लागतो.

तुझं हे पत्र मागच्यापेक्षाही बारीक आहे. शेवटच्या चार ओळींचा तर गावात जाऊन संयुक्ताला फोटो पाठवला आणि मोठा करून वाचायला लावल्या. तुझ्या तोंडानं काहीही सांग, तुझा हात खरं सांगतोय. तू थरथरत लिहितेस.

आईच्या वेळी मी दाराआड उभा राहिलो. ह्या वेळी राहणार नाही. रजा मंजूर झाली आहे. चौदा तारखेला दुपारी पोचतो. दाजींना सांगू नकोस.

रविकांत

———

मध्यवर्ती कारागृह, चेन्नई
९ सप्टेंबर २०२४

ती. आक्कास,

पंचवीस दिवसांत तू एकदाही भेटायला आली नाहीस. म्हणून लिहितो.

मला पश्चात्ताप नाही. दार उघडं होतं. मी आत आलो आणि काय बघितलं? दाजींचे दोन्ही हात तुझ्या गळ्यावर. कुठे होती ती पट्टी? तुझे पाय फरशीवर आपटत होते, तोंडातून आवाज निघत नव्हता. चौकटीपाशी पाट्यावर वरवंटा होता. मी उचलला आणि घातला. एक, दोन, तीन. हाड मोडल्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे आणि खोटं कशाला सांगू, मला तो बरा वाटला. आईसाठीही घातला मी तो.

इथं हाल आहेत. भाषा येत नाही. ताटावरून एकानं ढकललं, मी त्याचं नाक फोडलं, चौघांनी मिळून मला तुडवलं. दोन दात गेले. त्याचं काही नाही.

वकील म्हणतो, सगळं तुझ्या जबाबावर आहे. नवरा नेहमी मारायचा, त्या दिवशी गळा दाबत होता, भावानं जीव वाचवला, एवढं तू बोललीस की मी सुटतो. बदललेलं अक्षर तुलाच दाखवायला तुझी पत्रं मी पिशवीत आणली होती, जुनीसुद्धा. वकिलानं ती ओळीनं मांडली आणि खूश झाला. म्हणाला, बघा, बाई किती घाबरत गेली ते अक्षरात दिसतंय, कोर्टाला हेच दाखवू.

आक्का, खरं तेवढंच बोल. मी बघितलं ते.

रविकांत

———

मैलापूर, चेन्नई
३० सप्टेंबर २०२४

रविकांत,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, म्हणून लिहिला नाही.

तू बघितलंस ते खरं. पण सगळं बघितलं नाहीस. त्या दिवशी त्यांना बांधायला मी विसरले. तू येणार म्हणून तुझ्यासाठी शेवयांची खीर करत होते, हे तसेच झोपी गेले. ओरडायला लागले म्हणून उठवायला गेले आणि गळा हातात सापडला. तुझ्या पहिल्या घावाला त्यांचा खांदा मोडला आणि त्याच घावाला ते जागे झाले. तुला ओळखलं नाही. कुणीतरी मला मारायला घुसलंय एवढंच त्यांना कळलं, आणि ते माझ्यावर आडवे पडले. पुढचे दोन घाव तू एका अशा माणसाच्या पाठीवर आणि जबड्यावर घातलेस, जो तुझ्या बहिणीला वाचवत होता. मी खालून ओरडत होते, “रवी, थांब.” तुला ऐकू आलं नाही. तुलाही शुद्ध नव्हती. अण्णांचा मुलगा शोभलास.

जबडा तारेनं बांधलाय. नळीनं पेज घालते.

आता पुढचं ऐक. रक्त पुसायला घरमालकीण कृष्णवेणी मामी धावत आल्या होत्या. पिढ्यानपिढ्या तंजावरकडच्या मराठी आहेत, त्यांची मराठी तुला अर्धीच कळेल. मी सगळं सांगितलं, तशा कपाळाला हात लावून म्हणाल्या, “अय्यो, तें माणूस मारूंलागला नव्हे गे, रोग मारूंलागला. आमचा वेंकोबा असाच झोपेंत वहिनीला मारींत होता. सा-सात वर्सं झालीं, मग हात कापूंलागला. मेंदूच्या डॉक्टराला दाखीव की.”

दाखवलं. डॉक्टरांनी मोडलेल्या हाडांकडे बघितलंच नाही. वास कधीपासून येत नाही, विचारलं. चालताना डावा हात का हलत नाही, विचारलं. कारखान्याच्या हजेरीपत्रकावरच्या जुन्या-नव्या सह्या मागवल्या. रवी, दहा वर्षांपूर्वी ह्यांची सही रकाना भरून असायची, आता तांदळाच्या दाण्याएवढी आहे. पार्किन्सन म्हणाले. मेंदूतल्या काही पेशी मरत जातात. झोपेत अंग मोकाट सुटणं ही त्याची आधीची खूण, कधीकधी वर्षानुवर्षं आधीची.

मग कामाचं विचारलं. ह्यांनी एका हातानं खुणा करून सांगितलं, मी तोंडानं सांगितलं. टाकी तापलेली असायची, वाफ तोंडावर यायची. शनिवारी टाकीत उतरून तळाचा गाळ हातांनी खरवडायचा. तोंडाला रुमाल, बस. घरी येताना हात त्याच ट्रायक्लोरनं धुवायचे, साबणापेक्षा चटकन तेल जातं म्हणून. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, ह्याच माणसाला ह्याच्यामुळेच झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण ह्या द्रवात वर्षं काढलेल्यांना हा आजार होण्याचा धोका जास्त दिसतो, हे अभ्यासांत आलंय.

कारखान्याचा मालक सफरचंदं घेऊन आला होता. म्हणाला, “अम्मा, तुमच्या घरातलं भांडण आहे. नवरा मारायचा, भावानं मारलं. कारखान्याला कशाला मध्ये ओढता? तसाच जबाब द्या, भाऊही सुटेल.” मी ती सफरचंदं जिन्यावरून त्याच्या अंगावर फेकली. एक कानशिलावर बसलं.

तुला सोडवायचं तर ह्यांना बायको मारणारा राक्षस ठरवायला हवं. तुझा वकील आणि तो मालक एकच वाक्य मागताहेत. ते मी देणार नाही. झोपेत गळा दाबला हे सांगेन, आजार आहे हेही सांगेन, आणि तू निजलेल्या माणसाला मारलंस हेसुद्धा सांगेन.

कुमुदिनी

———

मध्यवर्ती कारागृह, चेन्नई
४ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास रविकांतचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मला महिन्यानं मिळालं. इथं प्रत्येक पत्र वाचून मगच कैद्याला देतात आणि मराठी वाचणारं कुणी नव्हतं. शेवटी ऑफिसातले तुळजाजी म्हणून एक कारकून निघाले, तेही तंजावरकडचेच. पत्र हातात देताना धाकट्या भावाला हाक मारावी तसं म्हणाले, “काय तंबी, तुमचे अक्का येवढं बारीक कां लिव्हतात? मला भिंग घ्यूनु वाचूं पाहिजे झालं.”

आधी तू लिहिलेलं वाचलं. दाजी तुझ्यावर आडवे पडले ते वाचलं आणि मी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. बराकीतल्यांनी धरलं. माफी मागायची लायकी नाही, म्हणून मागत नाही.

मग पुन्हा वाचलं. सहीचं. तांदळाच्या दाण्याएवढी.

आक्का, मी वकिलाकडून तुझी सगळी पत्रं मागवून घेतली. फरशीवर तारखेनं लावली. दोन हजार बारामधलं बोटभर टपोरं, अण्णांनी छाती फुगवावी असं. अठरामधलं जरा लहान. मग लहान, मग आणखी लहान, आणि प्रत्येक ओळ शेवटाला गेली की मुंगीसारखी. मी म्हणालो होतो, घाबरून लिहितेस. तू म्हणालीस, बोटं आखडतात. तुझ्या जूनच्या पत्रात आहे, मल्लीच्या गजऱ्यांना वास नाही. बाटलीचाही येत नाही.

मल्लीला वास असतो, आक्का. इथं भेटीच्या दिवशी बायका माळून येतात, तो बराकीपर्यंत येतो.

त्या बाटलीनं तू किती वर्षं साड्या पुसतेस? पंधरा? तोंड जवळ नेऊन, फुंकर मारून?

ती बाटली आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढ. मोरीत ओतू नकोस, संयुक्ताला विचार काय करायचं ते. आणि त्याच डॉक्टरांकडे जा, स्वतःसाठी.

पत्रं मी वकिलाला परत दिली नाहीत. भीतीचा पुरावा म्हणून ती कोर्टात जाणार नाहीत. त्यानं कपाळावर हात मारला, म्हणाला, तुझ्या सुटकेचा कागद तूच फाडतोस. फाडला नाही, सगळी संयुक्ताकडे दिली आहेत. ती डॉक्टरांना दाखव. बारा वर्षांचा आजार त्यात तारीखवार लिहिलेला आहे.

जबाबात तुला द्यायचं ते दे. मी स्वतः उभा राहून सांगणार आहे, मी मारलं.

रविकांत

———

मैलापूर, चेन्नई
२७ जुलै २०२५

चि. रविकांत यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

इतके महिने लिहिलं नाही, ते रागानं नाही. तुला दाखवण्याजोगं अक्षर हातात यायची वाट बघत होते. हे पत्र दुरेघी वहीच्या कागदावर आहे, पहिलीतल्या मुलांच्या. डॉक्टरांनी सांगितलं, वरच्या रेघेला टेकेल असंच लिहायचं, प्रत्येक अक्षराला स्वतःला बजावायचं, “मोठं.” तर हे एक पान चार दिवसांत लिहून झालं आहे.

होय, मलाही आहे. तुझी पत्रांची चळत डॉक्टरांनी तारखेनं लावून पानापानानं तपासली. म्हणाले, इतका पद्धतशीर कागद मला कुणी आणून दिला नव्हता. भावाला धन्यवाद सांगा. सांगितले, बघ.

कोर्टात तू “मी मारलं” म्हणालास, तेव्हा ह्यांनी माझा हात दाबला. बाहेर आल्यावर वाकड्या जबड्यानं म्हणाले, “तीन वर्षांची शिक्षा फार झाली गं, मी त्याला सोडून दिलं असतं.” मी म्हटलं, मी नसतं सोडलं. ते खरं आहे, रवी. मला तुझी दया येते आणि तुझा संतापही येतो, दोन्ही एकाच ताटात वाढून बसते.

कारखान्यावरचा दावा चालू आहे. तो किती वर्षं चालेल कुणास ठाऊक. टाकीवर आता नवीन माणूस आहे. मी फाटकाबाहेर उभी राहून त्याला हाताबद्दल, गाळाबद्दल सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि पाळीची वेळ झाली म्हणून आत गेला. दुसऱ्या दिवशी राखणदारानं मला ढकलून दिलं, गुडघे फुटले. तिसऱ्या दिवशी कृष्णवेणी मामी छत्री घेऊन सोबत आल्या आणि ती त्याच्या पाठीत मोडली. आता आम्हाला उभं राहू देतात.

साड्या बंद केल्या. गजरा मात्र रोज घेते. वास येत नाही, पण ह्यांना माळलेला आवडतो.

एक सांगायचं राहिलं. तेच सांगायला कागद काढला होता.

गेल्या रविवारी दुपारी मी ह्यांच्या शेजारी झोपले होते. हे आता औषधानं शांत झोपतात, पट्टी लागत नाही. मला जाग आली ती ह्यांच्या कण्हण्यानं. तुझ्याकडून मोडलेला खांदा धरून फरशीवर बसले होते, ओठातून रक्त येत होतं. मी घाबरून उठले, पदरानं ते पुसलं आणि विचारलं, “कुणी मारलं तुम्हाला?”

ह्यांनी माझी मूठ हातात घेतली आणि एकेक बोट हळूहळू उघडलं.

मला मग आठवलं. ह्यांच्या स्वप्नात कुत्री यायची. माझ्या स्वप्नात तू होतास, रवी, वरवंटा घेऊन दारात, आणि मी तुला आत येऊ देत नव्हते.

जपून राहा. इथलं पुढचं पत्र बारीक दिसलं, तर पूर्वीसारखं पानभर ओरडून लिही.

तुझी,
आक्का